डाव्या कानामागची पावडर

शिराळा,
श्रावण शुद्ध प्रतिपदा, १९७२

प्रिय हवालदारसाहेब,

तुमचं पत्र पोचलं. शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि पत्राची घडी घालून ते तांदळाच्या डब्यात टाकलं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले असते तर पोस्टमनच्या हाताला चटका बसला असता. मी सांगलीला माहेरी अण्णांकडे निघून जावं, अजून वय आहे, नोकरी आहे, माझ्या आयुष्याचा मी विचार करावा, असं तुमचं म्हणणं. बरं. त्याचं बघू. सध्या माझं डोकं दुसऱ्याच कारणानं उठलं आहे, आणि ते कारण म्हणजे तुमच्या मातोश्रींची, म्हणजे आत्याबाईंची, पितळी डबी. हे गाऱ्हाणं ज्याच्यापुढं मांडावं असं घरात दुसरं कुणी नाही आणि तुम्ही नाहीतरी खाटेवर पडूनच आहात, तेव्हा ऐका.

तुम्ही तिला कुंकवाची डबी म्हणून ओळखता आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे. ती कुंकवाची नाहीच. मामंजी मोठ्या लढाईत इटलीला होते तेव्हा त्यांनी ती तिथल्या बाजारात घेतली. आत आरसा, खाली पावडर, तिच्यावर बारीक जाळी आणि वर मऊ फूल, अशी ती मडमांची तोंडाला पावडर लावायची डबी. झाकणावर निळ्या रंगात नदी, घाट आणि त्यांच्याकडचं उंच शिखराचं देऊळ. आत्याबाई आजही म्हणतात की ते सांगलीचंच गणपतीचं देऊळ आहे, कारण नदी आहे, घाट आहे, मग आणखी काय पाहिजे. मामंजींनी ती त्यांच्या हातात दिली, तोंडाला लावायची असते एवढं सांगितलं आणि रजा संपवून परत गेले. गावात तोंडाला पावडर लावून फिरायची त्या काळी कुणाची छाती होती? आत्याबाईंनी वास घेऊन बघितला, वास चांगला होता, आणि तुम्ही तेव्हा तान्हे होता. तुमची आंघोळ झाली की तुमच्या काखेत, मांडीत ती पावडर लावून त्यांनी डबी रिकामी केली. म्हणजे या घरात इटलीची पावडर लावून नटलेला पहिला माणूस तुम्ही, हे ध्यानात असू द्या. मग त्यांनी डबीत कुंकू भरलं. मऊ फुलानं वर्षानुवर्षं कंदिलाची काच पुसली. जाळी कुठं गेली ते इटलीलाच ठाऊक. मामंजी गेले तेव्हा ती डबी फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाला गेली.

ती बाहेर निघाली शिमग्यानंतर. आत्याबाई आणि लालासाहेब भावजी तुम्हाला बघून पुण्याहून परत आले, त्याच दिवशी. आईला तुम्ही भेटलात, थोरल्या भावाला भेटलात. बायकोनं तेवढं यायचं नाही. आधी म्हणे डॉक्टरांची परवानगी नाही, मग म्हणे अजून एक ऑपरेशन होऊ दे, मग शाळेची परीक्षा, मग उन्हाळा. तोंडाची डावी बाजू ‘थोडीशी’ भाजली, असं तुम्हीच लिहिलं होतं. गाडी पेटून थोडीशी भाजलेली माणसं आठ-आठ महिने फौजी दवाखान्यात राहत नाहीत, एवढी अक्कल माझ्या पहिलीतल्या पोरींनाही आहे. आत्याबाई आल्या तेव्हा मी पाण्याचा तांब्या हातात देऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “डोळं त्येचंच हाईत.” मग आत गेल्या, ट्रंक उघडली आणि डबी आणून माझ्या हातावर ठेवली. “ह्यात बघून पावडर लावीत जा. आसं उतरल्या तोंडानं ऱ्हाऊ नगंस.” सासूनं सुनेला नटायला सांगितलं, असं या आळीत पहिल्यांदाच घडलं असेल. मला नाही म्हणता येईना.

तेव्हापासून मी त्या डबीची चाकरी करते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा मारुती रोडवरच्या कटलरीच्या दुकानात डबी दाखवली आणि हिच्यात बसेल अशी पावडर द्या म्हटलं. दुकानदारानं डबी उलटीपालटी केली, झाकण तीनदा उघडलं, मिटलं, आणि बाई, ही मोडीत घाला, असा सल्ला दिला. हल्ली पावडरीची घट्ट वडीच मिळते, प्लॅस्टिकच्या डबीतून. ती वडी आमच्या इटलीत मावत नाही. मग मी वडी विकत घेतली आणि घरी येऊन खलबत्त्यात कुटली. शेजारच्या हरणाबाईंना वाटलं की तुमच्यासाठी काही मात्रा चालली आहे. त्या भिंतीवरून डोकावून मधाबरोबर द्या म्हणाल्या. जाळीच्या जागी काय लावावं सुचेना. मलमल लावली तर पावडर वर येईना, पोत्याची सुतळी उकलून बघितली तर भसाभस सांडली. शेवटी तुमची फौजी मच्छरदाणी कापली. हो, कापली. कोपऱ्यातला हातभर तुकडा दुहेरी करून बसवला आणि तो अगदी बेताचा बसला. राग आला असेल तर इथं येऊन करा. पत्रातून केलेला राग मी जमेस धरत नाही.

एवढं करून पावडर लावली आणि शाळेत गेले, तर आमच्या हेडबाई चारुशीलाबाई माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. डबीच्या सांदीकोपऱ्यात तीस वर्षांचं कुंकू दडून बसलेलं. कितीही घासा, ते निघत नाही. त्यानं सगळ्या पावडरीला गुलाबी झाक आली होती आणि माझे गाल नवरीसारखे दिसत होते. मी लाजेनं अर्धमेली झाले. चारुशीलाबाईंनी मला बाजूला घेतलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्यांनी हळूच विचारलं, की कुठल्या कंपनीची आहे? इटलीची, म्हटलं. खोटं तरी काय बोलले? आता त्यांना तसलीच एक पाहिजे आहे आणि त्या रोज आठवण करतात. त्यात डबीचा खटका ढिला. पर्समध्ये ती आपोआप उघडते. परवा हजेरीपटावर गुलाबी सडा पडला आणि पोरी फुंकर मारमारून एकमेकींच्या तोंडावर उडवत बसल्या. वर्गात शिस्त म्हणून राहिली नाही. आता डबीला तुमचा मोजा घालते. एकच होता, दुसरा तुम्ही नेलात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आरसा! त्याचा पारा एका बाजूनं पार काळा पडला आहे. माझी उजवी बाजू दिसते, नाक दिसतं, आणि डाव्या गालाच्या जागी अमावस्या. डबी जरा फिरवून धरावी तर बिजागरी सैल, झाकण फटकन बोटांवर मिटतं. घरातला मोठा आरसा कोयनेच्या भूकंपात फुटला तो फुटलाच. भूकंपानं दिलेला इशारा म्हणून आत्याबाईंनी नंतर घरात आरसा येऊ दिला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उरला होता तुमचा दाढीचा आरसा, तो तुमच्याबरोबर सरहद्दीवर गेला. लालाभावजी म्हणाले, तो म्हणे आता तुमच्या गादीखाली असतो. गादीखाली ठेवायचाच असेल तर तो इकडे पाठवा, माझ्या उपयोगी पडेल.

डावी बाजू माझी पहिल्यापासूनच कच्ची. डावा हात आरशाला गुंतलेला, उजवा पावडरीला, त्यामुळं डाव्या कानामागं पांढरा पट्टा राहायचाच. लग्नानंतरचे दिवस आठवतात का? मी शाळेला निघायची, तुम्ही रजेवर, ओसरीवर मामंजींच्या शेजारी पेपर धरून बसलेले. वडीलधाऱ्यांपुढं नवराबायकोनं बोलायचं नाही ही घरची रीत. मग तुम्ही पेपर खाली न करता डावा कान खाजवायचात, की मी समजायची, पदराच्या टोकानं पट्टा पुसायची आणि तुमच्याकडं न बघता उंबरा ओलांडायची. बाहेर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत मला हसू आवरायचं नाही. एकदा मामंजींच्या ते नजरेला आलं. रोज उठून पोरगं कान खाजवतंय, म्हणजे कानात काहीतरी गेलं, असं त्यांनी ठरवलं. आत्याबाईंनी लसणाचं तेल कोमट केलं, तुम्हाला मांडीवर आडवं पाडलं आणि तुमच्या धडधाकट कानात ओतलं. खरं सांगायची सोय नाही, म्हणून तुम्ही मुकाट्यानं ते ओतून घेतलंत. स्वयंपाकघरात मी तोंडात पदर कोंबून बसले होते. दुसऱ्या दिवशी कानात कापसाचा बोळा घालून तुम्ही पुन्हा ओसरीवर, आणि मी बाहेर येताच बोळ्यासकट कान खाजवलात. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपल्याला जन्मभर पुरेल.

आता सांगायला कुणी नाही. आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पोरी आपसात खुसखुसतात आणि मला कळतं, की पट्टा राहिला. आळीतल्या लोकांना मात्र सगळं दिसतं. धोंडुबाई पाणवठ्यावर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “नवरा दवाखान्यात पडलाय आन् हिला पावडर सुचतीया.” मी घागर तशीच टाकून घरी आले. आत्याबाईंनी काय झालं ते काढून घेतलं, काठी घेतली, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी चाचपडत पाणवठ्यावर गेल्या आणि चारचौघींत तिला म्हणाल्या, “माझ्या डबीतली हाय ती. जे इचारायचं ते मला इचार.” धोंडुबाईनं घागर उचलली आणि घरची वाट धरली. पण तिचं बोलणं माझ्या मनातून गेलं नाही, कारण ते खरंच होतं. मला पावडर सुचते. कऱ्हाडची गाडी संध्याकाळी येते. ती यायच्या आधी मी तोंड धुते, डबी उघडते, केस सारखे करते आणि भाजी निवडायला मुद्दाम ओसरीवर बसते. गाडीतून आळीतले आंबेकर उतरतात, बाजारातल्या बाया उतरतात, कुणाचे तरी पाहुणे उतरतात. तुम्ही उतरत नाही. भाजी निवडून होते आणि मी आत जाते. शिमग्यापासून हे चाललं आहे, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि इतकं करून तुमचं पत्र काय, तर सांगलीला जा. बरं, मला एकटीला लिहून तुमचं भागलं नाही. अण्णांनाही लिहिलंत. रविवारी अण्णा अचानक दारात. गुळाच्या सौद्याचे दिवस नसले तरी दुकान टाकून ते कधी येत नाहीत. पंचमीला लेक माहेरी न्यावी म्हणून आलो, म्हणाले. अख्खा मुलूख पंचमीला शिराळ्यात येतो, जत्रा इथं, नाग इथं, पाळणे इथं, आणि मला म्हणे पंचमीसाठी शिराळ्यातून सांगलीला न्यायचं! अण्णांना खोटं कधीच जमलं नाही. चहाची भरलेली बशी त्यांनी तशीच खाली ठेवली. मग सांगितलं त्यांनी, की जावयांचं पत्र आलं, पोरीला गोडीगुलाबीनं घेऊन जा, परत पाठवायची घाई करू नका. तुमच्या दोघांत परस्पर माझी पाठवणी ठरली. लग्नात निदान मला मुलगा पसंत आहे का, हे तरी विचारलं होतं. पलटणीत हाताखालच्या माणसांची बदली करता तशी बायकोची करायची नसते, हवालदारसाहेब. मला तुमचा इतका संताप आला, की अण्णांसमोर खलबत्ता ओढून उरलेली वडी कुटायला बसले. हातांना काहीतरी पाहिजे होतं.

सोमवारी तोच राग घेऊन शाळेला निघाले. डबी उघडली, अमावस्येत गाल शोधला, झाकण बोटांवर पडलं, पावडर लुगड्यावर सांडली. मी डबी आपटली आणि म्हणाले, ते असते तर कान खाजवून सांगितलं असतं, आता कुणाला विचारू पावडर नीट लागली का ती? आत्याबाई शेजारी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, कसला कान? मग मी त्यांना ती ओसरीवरची खूण सांगितली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. त्या आधी ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या. “आगं बया, आन् म्या त्यात त्याल घातलं की गं,” म्हणाल्या, आणि हसता हसता सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला समजेना. डोळे पुसून म्हणाल्या, “त्यो कानच न्हाई ऱ्हायला, प्रमे. तुला सांगू नगं म्हणून मला शपथ घातलीया त्यानं.” आईला शपथ घालून गप्प बसवता येतं हे तुमचं खरं. पण तिच्या हातून डबी माझ्या हातात आली तेव्हाच तिनं निम्मी शपथ मोडली होती, फक्त मला ते कळायला आषाढ सरत आला. मी शाळेत गेले नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी चुलीपुढं बसून रडून घेतलं, आणि अण्णा बिचारे बाहेर ओसरीवर भाजी निवडत बसले.

तर आता तुमच्या त्या चार ओळींचं उत्तर. तुम्ही म्हणता तसंच करते. बॅग भरली आहे, आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर सकाळच्या गाडीनं निघणार आहे. पण पेठ नाक्यावर एक रस्ता इस्लामपूरवरून सांगलीला जातो आणि दुसरा कऱ्हाड-साताऱ्यावरून पुण्याला, आणि तिथं कुठल्या गाडीत चढायचं ते मी ठरवलं आहे. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्याबाईही येतात म्हणाल्या. सातारा आला की कंदी पेढे घेऊ, तुमच्या वॉर्डात सगळ्यांना पुरतील एवढे. मला येऊ नको असं आता लिहू नका, तुमचं पत्र इथं पोचेल तेव्हा मी इथं नसेन. सांगलीच्या दुकानात लख्ख आरसे मी खूप बघून आले, त्यातल्या एकालाही कान खाजवता येत नाही. पुण्याला उतरून तोंड धुईन, मोज्यातून डबी काढीन, त्या काळ्या आरशात बघून पावडर लावीन आणि तुमच्या वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहीन. अण्णा आणि आत्याबाई सोबत असतील, तेव्हा आपल्या घरच्या रीतीप्रमाणं तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलायची गरज नाही. फक्त बघा, आणि पट्टा राहिला असेल तर डावा कान खाजवा. कान नाही, ही सबब चालायची नाही. तो जिथं होता तिथं नुसता हात न्या. मला कळेल.

पदराचं टोक हातात धरून,
तुमचीच,
प्रमोदिनी